भावाची फळी आणि माझा दुबाव

माझ्या सासरच्या गावाला आपल्या खराब रस्त्याचा फार जिव्हाळा होता. हे ऐकून पणजीकडचे लोक हसतात. सुर्ल्याच्या खाणींच्या आसपास ज्यांनी दिवस काढले आहेत ते हसणार नाहीत. खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत खनिज नेणारे ट्रक ज्या वाटेने जातात तिथली तुळस लाल, दोरीवरची धोतरं लाल, आणि झाकून ठेवलेल्या भातावरसुद्धा लाल पूड. आमचा गाव त्या वाटेपासून जरा बाजूला होता, आणि बाजूला राहिला याचं सगळं श्रेय आमच्या रस्त्याला होतं. माती आणि खडीचा रस्ता, मध्ये ओहोळावर चिऱ्यांचा जुना साकव. साकवावरून बैलगाडी जाई, जीप जाई, लग्नाचा टेम्पो हळूहळू जाई. भरलेला ट्रक गेला तर साकवासकट ओहोळात, हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

तरी ट्रकवाल्यांचा या वाटेवर डोळा होताच, कारण धक्क्याला जायला ती जवळची होती. ते मधूनमधून मागणी करत, आणि बांधकाम खात्याचे साहेब दर वेळी एकच विचारत. साकव काय, चिरे घालून पक्का करता येईल. पण मातीच्या रस्त्यावरून रोज ट्रक गेले की तो उखडणार, मग तो राखणार कोण? रस्ता सपाट करायचं मोठं यंत्र, ग्रेडर, त्या अरुंद साकवाच्या वळणावर वळतच नाही. या प्रश्नावर ट्रकवाल्यांकडे उत्तर नसायचं, आणि आम्ही सुखाने खड्ड्यांतून चालायचो.

त्यामुळे आमच्याकडे खड्डा बुजवणं हा संशयास्पद प्रकार होता. पावसानंतर कोणी दारासमोर चार टोपल्या माती टाकली तरी गावकार, म्हणजे गावचे जुने मानकरी, काठी टेकत येत आणि विचारत, "कोणे सांगलें तुका?" पाव घेऊन येणारा पोदेर सायकल साकवापलीकडेच टेकवून भोंगा वाजवायचा. आम्ही बायका पिशव्या घेऊन तिथवर चालत जायचो. घरी येईपर्यंत पाव गार झालेले असत. पण तक्रार कोणाची नव्हती. गार पाव चालेल, लाल नको.

मी त्या गावात मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते. माझा स्वभाव माहेराहूनच संशयी. कोणी फार गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकते, आणि ती बहुतेक वेळा खरी बोललेली आहे, म्हणून मी तिला कधी हाकललं नाही. आमच्याकडे संशयाला दुबाव म्हणतात. माझे यजमान म्हणायचे, हिने माहेराहून दागिने कमी आणले आणि दुबाव जास्त. त्यात दिवसही तसेच होते. गोव्याचं राज्य होणार की नाही, कोकणी राजभाषा होणार का, मग मराठीने जायचं कुठे, यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी एकमेकांच्या अंगणातून जायचे बंद झाले होते. माणूस बोलायला लागला की ऐकणारा आधी भाषा ऐकायचा, मग मजकूर. घरोघरी बोलणं सारखंच, आणि भांडण मात्र दोन भाषांचं. अशा हवेत माझा स्वभाव चांगला फोफावला.

आता माझा धाकटा भाऊ. आमचं माहेर पेडण्यातलं, धारगळचं. हायवेच्या कडेला दुरुस्त होणाऱ्या गाड्या बघत तो वाढला आणि पुढे डिचोलीत त्याने वेल्डिंगचं वर्कशॉप घातलं. ट्रकच्या मोडलेल्या बॉडी जोडायच्या, वाकलेली फाळकी सरळ करायची, असं काम. खाणीमुळे कामाला तोटा नव्हता. पण त्याच्या डोक्यात वेगळाच किडा होता. एका खाणीच्या आवारात जुन्या काळचा ओढायचा ग्रेडर गंजत पडला होता. भलंमोठं लोखंडी धूड, बुलडोझरने ओढायचं, वर एक माणूस बसून दोन चाकं फिरवत पातं वरखाली करणार. सकाळी वाडीच्या एका टोकाला लावला तर जेवणाच्या वेळेपर्यंत दुसरं टोक येईल याची खात्री नाही. भाऊ त्याच्याभोवती फेऱ्या मारायचा आणि म्हणायचा, एवढं वजन कशाला? रस्ता काय पळून चाललाय, म्हणून त्याला दाबून धरायचा?

त्याला करायचं होतं ते असं यंत्र, जे जीपच्या मागे बांधता येईल, जीपच्या वेगाने पळेल आणि कुठल्याही साकवावरून, कुठल्याही वळणावरून सहज जाईल. पातं त्याने ट्रकच्या मोडक्या स्प्रिंगच्या पाट्यांचं केलं, कारण त्या पोलादासारखं चिवट दुसरं काही नाही. सांगाडा जुन्या चासीचा. त्याच्या हाताखाली बेळगावकडचा एक वेल्डर होता, अतिशय सावध माणूस. तो सांधा जोडून झाला की हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा आणि मगच मान हलवायचा. दोघांनी मिळून ते उभं केलं. आमच्या वडिलांची चिखलणीनंतर शेत सपाट करायची फळी असायची, बैलांच्या मागे ओढायची. यंत्र बघताच मी म्हटलं, ही तर फळीच. तेव्हापासून सगळे तिला फळीच म्हणू लागले.

फळीवर नाव कोणत्या भाषेत घालायचं, असंही एकाने विचारलं. भावाने नाव घातलंच नाही. भानगड नको.

एक दिवस तो माझ्याकडे आला, सोप्यावर बसला आणि म्हणाला, "बाय, तुमच्या रस्त्यार फळी एकदां चलोवन पळयतां."

"आमच्याच कित्याक?"

"तुमचो रस्तो गोंयांतलो सगळ्यांत वायट. हांगा चलली जाल्यार खंयूय चलतली."

हे पटण्यासारखं होतं, म्हणूनच मला पटलं नाही. मी विचारलं, जीप कोणाची? तेव्हा तो जरा अडखळला. जीप डिचोलीतल्या एका मोठ्या ट्रकमालकाची होती. लोक त्यांना नुसतं 'बाब' म्हणत. भावाच्या वर्कशॉपचं निम्म्याहून जास्त काम त्यांच्याच ट्रकांचं. बाबांनी जीप दिली होती, ड्रायव्हर दिला होता, डिझेल दिलं होतं, आणि वर खांद्यावर हात ठेवून शाबासकीही दिली होती. ट्रकवाला माणूस खेडेगावच्या रस्त्याची एवढी काळजी करतो म्हटल्यावर मी सरळ विचारलं, "तांका कितें मेळटा?"

"बाय, तुका सगळ्यांत काळेंच दिसता," तो म्हणाला आणि हसला. मी हसले नाही.

गावात गोष्ट फुटली तेव्हा माझ्यापेक्षा संशयी माणसं आहेत हे मला कळलं. गावकारांनी ठरवलं, देवाला विचारू. आमच्याकडे मोठी गोष्ट देवाच्या कौलाशिवाय होत नाही. गुरव ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे टक लावून बसतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या दिवशी गाऱ्हाणं घातलं ते एका म्हाताऱ्या गावकाराने, आणि त्याने देवालाही पेचात टाकलं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान यंत्र हाडलां, ताच्या हाताक येस दी." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." "वाट बरी जांव दी." "व्हय म्हाराजा." "पूण त्या वाटेन ट्रक येवंक दिवं नाका!" यावरचं "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठं झालं.

डावीच पडणार अशी सगळ्यांची खात्री होती. पडली उजवी. मी गुरवाच्या बोटांकडे बघत होते. उजवीकडची पाकळी याने जरा सुकीच लावली का, असं माझ्या मनात आलं. एक म्हातारी तर उघडच पुटपुटली की देवालाही ट्रकवाल्यांनी जीप दिलेली दिसते. पण कौल म्हणजे कौल.

पहिल्या खेपेला फळीची फजिती झाली. जीपने वेग घेतला आणि फळी मागे बेडकासारखी उड्या मारू लागली. जिथे टेकली तिथे खरवडलं, जिथे उडाली तिथे तसंच राहिलं. जीप वाडीच्या टोकाला पोचली तेव्हा मागचा रस्ता सिमेंटचा पत्रा आडवा पसरावा तसा झाला होता, उंचवटा-खोलगा, उंचवटा-खोलगा. आमच्या शाळेतल्या मास्तरांची सायकल त्यावरून गेली तर घंटा आपली आपणच वाजत राहिली. गाव खूश झाला. भाऊ मात्र माझ्या सोप्यावर डोकं धरून बसला. हलकं यंत्र वेगाने ओढलं की नाचतं, आणि नाचू नये म्हणून वजन वाढवलं की झालं पुन्हा ते खाणीतलं धूड. या कोड्यात तो कित्येक महिने अडकला होता.

"बाय," तो मध्येच म्हणाला, "आमचे बाबा फळीचो दोर इतलो लांब कित्याक बांधताले?"

मी म्हटलं, बैलांच्या पायाला लागू नये म्हणून असेल. तो मान हलवत राहिला. लहानपणी आम्ही दोघं वजन म्हणून त्या फळीवर बसायचो. बांधाजवळ वळताना वडील दोर आखूड धरायचे, तेव्हा फळीचं पुढचं टोक उचललं जायचं आणि आम्ही चिखलात पडायचो. लांब दोरावर ती निमूट चालायची. हे आठवून भाऊ चहा न संपवता उठला आणि डिचोलीला गेला.

पुढच्या खेपेला फळी बदललेली होती. सांगाडा लांब झाला होता, एका पात्याच्या जागी दोन पाती आली होती, एकमेकांच्या उलट तिरकी, म्हणजे फळी कडेला सरकायची नाही. आणि जीपला जोडायचा लोखंडी दांडा चांगला लांब होता. दांड्याला तीन भोकं होती. ज्या भोकात पिन घालू त्याप्रमाणे दांडा लांब किंवा आखूड. लांबच्या भोकात पिन असली की फळी शहाणी, जवळच्या भोकात असली की पुन्हा बेडूक. चुकी होऊ नये म्हणून भावाने लांबच्या भोकाभोवती पांढऱ्या रंगाचं कडं काढलं होतं. बेळगावकडच्या वेल्डरने पिन घातली, हातोडीने दोनदा ठोकली आणि मला म्हणाला, "बसली बघा, अक्का."

जीप सुटली. फळी मागे सरसर सरसर गेली, नाचली नाही, कण्हली नाही. खडी कडेने वळली, खड्ड्यांत माती बसली, आणि पोदेराची फेरी व्हायच्या आत रस्ता सारवलेल्या अंगणासारखा झाला. मला भावाचा अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. वडील असते तर त्यांनी चप्पल काढून त्या रस्त्यावरून चालून बघितलं असतं.

दुसऱ्या दिवशी पोदेर सायकलवरून थेट दारात आला. त्या गावात लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा मी गरम पाव खाल्ला. सगळ्या वाडीने खाल्ला. आणि गरम पाव खाता खाता प्रत्येक जण एकमेकाकडे बघत होता, की हे आपल्याला महागात पडणार.

पडणारच होतं. काही दिवसांनी शाळेतून येताना बघते तर साकवाजवळ नव्या चिऱ्यांची रास. कोणी आणले, कोणी उतरवले, कोणालाच पत्ता नाही. मी घरी येऊन पिशवी खाली ठेवायच्या आधी यजमानांना विचारलं. ते डिचोलीत कचेरीत होते, त्यांच्या कानावर सगळं येई. त्यांनी दुसऱ्या दिवशी बातमी आणली. बाबांनी ट्रकांच्या वाटेची मागणी पुन्हा केली होती. रस्ता राखणार कोण, या साहेबांच्या प्रश्नाला या वेळी उत्तर होतं, माझ्या भावाची फळी. साहेब स्वतः येऊन बघणार होते. फळी त्यांच्यासमोर नीट चालली की साकव पक्का होणार आणि ट्रक सुरू. चिरे त्याचसाठी होते. बाबांना निकालाची एवढी खात्री होती की त्यांनी ते आधीच आणून टाकले होते.

मी शाळेला रजा टाकली आणि तडक डिचोली गाठली. भाऊ वर्कशॉपात होता. कोपऱ्यात नवं कोरं वेल्डिंगचं मशीन दिसलं, वरचा कागदसुद्धा काढलेला नव्हता. ते कुठून आलं हे मी विचारलंच नाही.

"साकवार चिरे कोणे हाडून घातले?"

"माका खबर ना."

"ट्रक माझ्या दारांतल्यान वतले. हेंय खबर ना?"

"बाबान माका असें कांय सांगूंक ना."

"तुका सांगतलो कित्याक? फळी तुजी, वाट ताची!"

तो लाल झाला. वर्षभर मरमर केलेलं काम तुला दिसत नाही, म्हणाला, तुला फक्त लबाडी दिसते. बाब तशाच कितीतरी फळ्या करून घेणार आहेत, वर्कशॉप उभं राहील, म्हणाला. मी म्हटलं, उभं राहू दे, माझ्या अंगणात तुळस लाल होऊ दे. वेल्डर मान खाली घालून लोखंड घासत राहिला. भावाने चहा मागवला होता, तो न पिता मी उठले. आमच्या घरात भांडणं पुष्कळ झाली, पण चहा टाकून कोणी कोणाच्या दारातून गेलं नव्हतं. बसमध्ये बसल्यावर मला रडू आलं, आणि रागही तेवढाच आला. भाऊ विकला गेला, असं मी घरी येऊन यजमानांना सांगून टाकलं. ते म्हणाले, तुझा भाऊ तसा नाही. मी म्हटलं, कोणाचाच भाऊ तसा नसतो, जीप मिळेपर्यंत.

गावात मला बोलायची सोय राहिली नाही. मास्तरीणबाईंच्या भावाने ट्रक आणले, हे अजून ट्रक आलेच नव्हते तेव्हापासून सुरू झालं. पाणवठ्यावर मी गेले की बायकांचं बोलणं थांबायचं. ज्या म्हाताऱ्या गावकाराने गाऱ्हाणं घातलं होतं तो मला बघून देवळाकडे हात दाखवायचा. देवाने उजवा कौल दिला होता, म्हणून दोष देवाला देता येत नव्हता. मग उरले मी.

साहेब आले त्या सकाळी सगळा गाव कडेला उभा होता. बाब पांढरे कपडे घालून आले होते, नारळ आणला होता, हसत होते. साहेबांना आमच्या घरासमोरच खुर्ची दिली. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही, पण माझं लक्ष सगळीकडे होतं. पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली ती ही की वेल्डर नाही. ज्या दिवशी त्याची सगळ्यांत जास्त गरज, त्याच दिवशी नाही. बाबांनीही विचारलं, "तुमचो बेळगांवकार खंय?"

"गांवाक गेला. जात्रा आसा," भाऊ म्हणाला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. भावाने स्वतःच वाकून फळी जीपला जोडली. मी जवळच उभी होते. त्याने पिन घातली, हातोडीने ठोकली, हात झटकले. आणि मी बघितलं, पांढऱ्या कड्यातलं भोक मोकळं होतं. पिन जवळच्या भोकात होती.

मला ट्रक नको होते. म्हणजे फळी फसायला हवी होती, हे उघड आहे. पण माझ्या भावाचं सगळ्या गावासमोर, साहेबांसमोर हसं होणार हे दिसलं आणि ते मला सोसेना. त्यात मास्तरीण, चूक दिसली की तोंड उघडणारच. "अरे, ती पिन" एवढं जिभेवर आलं आणि "अरे" बाहेरही पडलं.

भावाने वळून माझ्याकडे बघितलं. त्या भांडणानंतर पहिल्यांदा. अगदी शांतपणे म्हणाला, "बाय, च्या करून हाड गे. साहेब खोळंबल्यात."

साहेब काही खोळंबले नव्हते. बाबांकडे चहा-फराळ करूनच आले होते. पण त्याच्या आवाजात काहीतरी असं होतं की मी तोंड मिटलं आणि आत गेले. चूल पेटवली, आधण ठेवलं आणि खिडकीतून बघत राहिले.

जीप सुटली आणि फळी उडाली. पहिल्या दिवशी उडाली होती त्याहून जास्त. जीप परत आली तेव्हा आमचा सारवलेला रस्ता पुन्हा पत्रा झाला होता. साहेब आपल्या गाडीतून त्यावरून एक फेरी मारून आले. उतरताना ते चष्मा सावरत होते. बाबांचा चेहरा पडला. ते भावाला म्हणाले, पुन्हा चालव, त्या दिवशी तर नीट चालली होती. भाऊ म्हणाला, "त्या दिसा माती ओली आशिल्ली, बाब. हलकें यंत्र तें. हलकें म्हणल्यार उडटलेंच." साहेब हसले. खेळणं बरं केलंय, म्हणाले, पण यावर रस्ता सोपवता यायचा नाही. मग ते गेले. बाब जीप सोडवून घेऊन गेले. नारळ तसाच खुर्चीवर राहिला.

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा तो एकटाच बांधावर बसला होता. त्याने चहाचा कोप घेतला, सगळा संपवला आणि म्हणाला, साखर कमी घातलीस. मी काही विचारलं नाही. माझ्यासारखीने न विचारणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक असेल.

नवं वेल्डिंगचं मशीन परत गेलं. बाबांचे ट्रक दुसऱ्या वर्कशॉपला जाऊ लागले, आणि त्यांचं बघून आणखी काहींचे. भाऊ खिडक्यांचे गज आणि घरांची गेटं करू लागला. हलका ग्रेडर करणारा म्हणून लोक त्याची थट्टा करायचे, खेळणीवाला म्हणायचे, आणि तो हसायचा. मला त्या थट्टेचा अजून राग येतो. आमच्याकडे ट्रक आले नाहीत. साकवाजवळचे चिरे तिथेच पडून राहिले, हळूहळू एकेक करून लोकांच्या तुळशींना लागले. पुढे गोव्याचं राज्य झालं, शाळेत पेढे वाटले. शेजारी पुन्हा एकमेकांच्या अंगणातून जाऊ लागले, जपून जपून.

त्या वर्षी गणपतीच्या चवथीआधी पाऊस जरा उघडला होता. सकाळी बाहेर जीपचा आवाज आला म्हणून मी दार उघडलं. भाऊ होता, कोणाची तरी मागून आणलेली जीप होती, मागे फळी होती आणि बेळगावकडचा वेल्डर होता. वेल्डरने पिन घातली, हातोडीने दोनदा ठोकली आणि म्हणाला, "बसली बघा, अक्का." पांढरं कडं नुकतंच रंगवल्यासारखं दिसत होतं.

फळी सरसर गेली. रस्ता सारवल्यासारखा झाला. सगळा गाव दारात येऊन उभा होता. ही माणसं शिंक आली तरी कोणाची फूस आहे म्हणून विचारणारी. साहेबांसमोर उडालेली फळी आज कशी काय चालली, हे त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नाही. म्हातारा गावकार चप्पल काढून रस्त्यावरून थोडा चालला, भावाकडे बघितलं आणि देवळाच्या दिशेने हात जोडले. दोन्ही गाऱ्हाणी पावली होती. कोणी बाहेरचा विचारी की तुमचा रस्ता चवथीला एवढा नीट कसा, तर सगळे म्हणायचे, "कोणाक खबर?" मग भाऊ दर चवथीला येऊ लागला.

त्या पहिल्या चवथीला मी वेल्डरला चहा आणि गरम पाव दिले आणि सहज म्हणून खडा टाकला. त्या दिवशी तुम्ही नव्हता, जत्रा चांगली झाली का? तो म्हणाला, "झाली की. मालक तवाच बोल्ले होते, साकवाजवळ चिरे पडले बघा, त्याच दिवशी. साहेब येतील तवा तू गावाला जा म्हणून." आणि तो निवांत पाव बुडवून खाऊ लागला.

चिरे पडले त्याच दिवशी. म्हणजे मी वर्कशॉपात जाऊन त्याला वाट्टेल ते बोलले, चहा टाकून आले, त्याच्या आधी. मी तिथे उभी राहून ओरडत होते तेव्हा त्याचं सगळं ठरलेलं होतं, आणि त्याने मला तसंच येऊ दिलं आणि तसंच जाऊ दिलं. का, ते मला कळतं. मला सांगितलं असतं तर माझा चेहरा बघून बाबांना कळलं असतं. माझ्या चेहऱ्यावर सगळं वाचता येतं, असं आमची आई म्हणायची.

भाऊ हात धुऊन सोप्यावर येऊन बसला. मी त्याला चहा दिला, या खेपेला साखर जास्त घातली. तो हसत म्हणाला, "बाय, आतां तरी कसलोय दुबाव ना मगे?"

"आसा," मी म्हटलं. "एकूच आसा."

"खंयचो?"

"तो हांव सांगपाची ना. तुवेंय माका सांगूंक ना."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग रिकामा कोप पुढे केला. "च्या हाड," म्हणाला.